कात्रीची खोड

सकाळी दुकान उघडलं की पहिला मान इस्त्रीचा, मग कात्रीचा. कोट आणि गणवेश शिवणाऱ्या या घरात पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलं होतं. इस्त्रीखालचं जाड कापड आधी तापवून घ्यायचं, त्यावर दोन्ही तळहात टेकायचे आणि मुठी मिटायच्या, उघडायच्या, परत मिटायच्या, परत उघडायच्या. सुरुवातीला बोटं रुसून बसतात. मग हळूहळू सैल होतात, आणि एकदा झाली की कात्री दिवसभर लोण्यातून फिरावी तशी फिरते. याला घरात ‘हात उघडणं’ म्हणत. दुकानाचं दार उघडायला एक वेळ उशीर चालेल, पण हात उघडल्याशिवाय कापडाला शिवायचं नाही.

हात न उघडताच कुणी कापायला बसलं, त्यातून थंडीचे दिवस असले, तर मूठ मिटली ती मिटलीच. कात्रीच्या कड्यांत बोटं अडकून राहायची आणि माणूस दुसऱ्या हाताने ती एकेक करून सोडवत बसायचा. ती कात्रीची खोड. खोड म्हणायचे, पण तोऱ्यात म्हणायचे. भिंगरीच्या बाबांना ऐन विशीत ती लागली, तेव्हा स्वतः ती खोड मिरवणाऱ्या आजोबांनी अर्धा दिवस दुकान बंद ठेवून कारागिरांना सुट्टी दिली होती. कात्रीने पोराला आपलं मानलं, म्हणाले होते. बाहेरून येणाऱ्या कारागिरांपैकी कुणालाच ती कधी लागली नाही, आणि त्याचाही अर्थ घराने परस्पर लावून टाकला होता. भाड्याचे हात ते. त्यांच्यावर कात्री कशाला जीव टाकेल?

भिंगरी ही गोष्ट शाळेत तिखटमीठ लावून सांगायची. खरं तर ती कुठलीही गोष्ट तशीच सांगायची. एका जागी टिकत नाही म्हणून काकाने ठेवलेलं नाव तिला असं चिकटलं होतं की हजेरीच्या वेळी स्वतःचं खरं नाव ऐकून ती मागे वळून बघायची. पण गेला आठवडाभर तिने कात्रीच्या खोडीचा विषय काढला नव्हता.

झालं असं की सकाळच्या गारठ्यात रिले शर्यतीचा सराव चालला होता. भिंगरी सुसाट आली, पुढच्या मुलीच्या हातात तिने बॅटन दिलं आणि ते सुटलं नाही. म्हणजे तिने सोडलं, हाताने सोडलं नाही. पुढची मुलगी हिसका बसून तोंडावर आपटली. सगळ्या हसल्या, कॅप्टनबाईंचा बॅटनवरचा जीव सुटत नाही म्हणाल्या. भिंगरीही हसली, सगळ्यांत मोठ्याने हसली, कारण नुकतीच कॅप्टन झालेली मुलगी घाबरली हे दिसून चालत नाही. मग पाण्याच्या टाकीमागे जाऊन तिने एकटीने मूठ आवळली आणि सोडली. बोटं मधाच्या बरणीतून चमचा निघावा तशी निघाली, सावकाश, स्वतःच्या मर्जीने.

तिने आयुष्यात दुकानातली कात्री धरली नव्हती. बाबांनी धरू दिली नव्हती. पोरीने शिकायचं, कापडात डोळे घालवायचे नाहीत, हा त्यांचा दंडक. मग ही खोड कुठल्या कात्रीची?

आणि आज ती चहाचा कप घेऊन इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. बाबांना दुपारी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. पित्ताशयात खडे झाले होते, उद्या सकाळी पूर्ण भूल देऊन पित्ताशय काढायचं ठरलं होतं. पण जायच्या आधी एका शाळेचे गणवेश कापून कारागिरांच्या हवाली केल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. एक हात बरगडीखाली दाबून ते दुसरा हात तापल्या कापडावर उघडत होते. आज तो ऐकत नव्हता.

“हातांनाही सुट्टी हवीय आज,” बाबा म्हणाले आणि हसले.

भिंगरीने हसून दाखवलं. कप मात्र तिने टेबलावर ठेवला, त्यांच्या हातात दिला नाही. तिला आपल्या हाताचा भरवसा नव्हता.

*

दुकानाच्या वरच्या मजल्यावर दुपारी पाच ताटं मांडली गेली आणि पाचही जण जेवण सोडून बाकी सगळं करत होते.

आत्या सकाळच्या गाडीने बॅग घेऊन थडकली होती. ती तिघा भावंडांत थोरली. पापण्या कायम अर्ध्यावर आलेल्या, त्यामुळे ती नेहमी नुकतीच झोपेतून उठल्यासारखी दिसायची. आणि बरेचदा ती खरंच झोपलेली असायची, बोलता बोलता. चाळिशीच्या आत मोतीबिंदू काढून झाला होता तिचा, त्यावरून काका तिला ‘आजीबाई’ म्हणायचा. धाकटा काका औषधांचं दुकान चालवायचा. घरात कात्री न धरलेला पहिला पुरुष. हात कायम पांढऱ्या कोटाच्या खिशात, आणि तोंडात कायम एखादा विनोद. भिंगरीचं आणि त्याचं मेतकूट जन्मापासूनचं. दोघं मिळून आत्याच्या शकुन-अपशकुनांची टर उडवायची, आणि आत्याही तोंडदेखलं रागवायची.

आज ती तोंडदेखलं रागावलेली नव्हती.

“आपल्या घराला सुरी लाभत नाही,” ती म्हणाली. “मी सांगून ठेवते.”

“ताई, कात्रीवर चालणारं घर आपलं,” काका म्हणाला. “सुरी काय, तिची धाकटी बहीण.”

भिंगरीला हसू आलं, आईलाही आलं. आत्याला आलं नाही. तिने आजोबांचं काढलं. हर्नियाचं साधं ऑपरेशन, आपल्या पायांनी चालत गेले होते, जाताना तिला म्हणाले होते की संध्याकाळी कोटाची बटणं लावायची राहिलीत. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टरांनी बाहेर येऊन तसं सांगितलंही. आणि मग ते शुद्धीवर आलेच नाहीत.

काकाने सुस्कारा टाकला. हृदय बंद पडलं होतं त्यांचं, वय झालं होतं, त्या काळची औषधं तशी होती, आता सगळं बदललंय, असं तो समजुतीच्या सुरात सांगत राहिला. वय कसलं, पन्नाशी नव्हती रे गाठली, असं आत्या म्हणाली, पण कुणी ऐकलं नाही. आई आधीच काकाच्या बाजूला झुकली होती. दुखणं उठलं की बाबा कसे गुडघे पोटाशी घेऊन पडतात हे तिने एकटीने पाहिलं होतं. अपशकुन बघत बसलं तर खडे काही विरघळणार नाहीत, एवढंच ती म्हणाली, पण मान खाली घालून म्हणाली, कारण थोरल्या नणंदेपुढे तिने आजवर आवाज चढवला नव्हता.

“दुखतंय मला,” बाबा म्हणाले. “तुमचं भांडण संपलं की सांगा, मग निघू.”

विषय तिथेच मिटला. आत्याने पाणी मागितलं. भिंगरीने फ्रीजमधून बाटली आणली. गार, बाहेरून दव धरलेली. आत्याने हात पुढे केला, बाटली धरली आणि ओढली. भिंगरीचा हातही तिच्याबरोबर पुढे गेला.

क्षणभर दोघींनी एकाच बाटलीला धरलं होतं. बाकीचे तिघं कुणी कुठल्या गाडीत बसायचं ते ठरवत होते. आत्याच्या अर्ध्या मिटलेल्या पापण्या वर गेल्या. भिंगरीने आजवर तिचे पूर्ण डोळे पाहिलेच नव्हते.

“जरा आत ये. माझी साडी सारखी करून दे,” आत्या म्हणाली.

आतल्या खोलीत तिने दार लोटलं आणि साडीचं नावही काढलं नाही. भिंगरीचा हात उलटा केला, पालथा केला, मूठ मिटायला लावली, उघडायला लावली. भिंगरीने नेहमीप्रमाणे फालतू काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला, थंडी फार आहे, फ्रीज नवीन आहे, वगैरे. आत्या ऐकत नव्हती.

“कधीपासून?”

“थंडी पडल्यापासून.”

“कात्री धरतेस चोरून?”

“कधीच नाही गं. आईशप्पथ.”

आत्या पलंगाच्या कडेला बसली. मग खालच्या आवाजात, तुटक तुटक, तिने सांगितलं की तिचेही हात तसेच आहेत. तिने लहानपणी दुकानात काजं-बटणं केली होती म्हणून तिला वाटत आलं की तेवढ्यावरही खोड लागत असेल. सासरी तिने ती लपवली. मुलाच्या वेळी पोट फाडून बाळंतपण झालं, बाळ रडलं, पण तिचा श्वास काही तिचा तिला घेता येईना. यंत्रावर ठेवावं लागलं होतं. सगळे म्हणाले, अशक्तपणा. तिने मात्र तेव्हाच मनाशी पक्कं केलं की आपल्या घराला सुरी लाभत नाही.

 भिंगरीला गणित आवडायचं, आणि गणितात दोन ओळी जुळल्या की तिसरी आपोआप सुचते, ती नको असली तरी सुचते. आजोबांच्या हाताला खोड होती. आत्याच्या हाताला आहे. आजोबा भुलेतून उठले नाहीत. आत्या कशीबशी उठली. बाबांच्या हाताला खोड आहे आणि उद्या सकाळी बाबांना भूल द्यायची आहे.

“आत्या, सुरी लाभत नाही असं नसेल हे,” ती म्हणाली. “हा आजार असेल. हातांचा आणि भुलेचा, दोन्हींचा मिळून एकच.”

“म्हणजे ही कात्रीची खोडही नाही?”

“मी कुठे कात्री धरलीय?”

आत्या तिच्याकडे बघत राहिली. आरशात दोघी दिसत होत्या: तेच लांबट तोंड, कानशिलांपाशी बसलेले तेच खळगे. घराण्याचं तोंड म्हणून पाहुणे ज्याचं कौतुक करायचे ते. भिंगरीने आरशाकडे पाठ केली.

मग आत्याने तिचे दोन्ही हात धरले आणि बजावलं. या हातांचं कुणाला, अगदी कुणाला सांगायचं नाही. जन्म काढायचाय अजून पोरीला, एकदा माणसांच्या जिभेवर चढलं की उतरत नाही. दवाखान्यात जे काय भांडायचं ते ती स्वतः भांडेल, सुरीवरून भांडेल, दारात आडवी पडेल. लोक तिला वेडी म्हणतील, ते तिला चालणार होतं.

“आणि नाही ऐकलं तुझं तर?”

 खालून काकाने गाडीचा हॉर्न वाजवला.

*

दवाखान्याची लिफ्ट हळू होती. बाबांनी तळहात एकमेकांवर चोळायला सुरुवात केली, मग मुठी मिटणं, उघडणं. कुणा परक्याशी हात मिळवायचा तर आधी हात उघडून घ्यायचे, ही या घराची सभ्यता. समोरच्याचा हात धरून ठेवणारा माणूस लोचट वाटतो, असं आजोबा सांगायचे. भिंगरीने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. आज पाहताना मात्र तिच्या लक्षात आलं. बाबा आता डॉक्टरांपुढे जाणार, आणि त्यांचा हात अगदी शहाण्यासारखा उघडणार.

भूल देणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या. केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि बोलणं असं की एक प्रश्न संपायच्या आत दुसरा हजर. दात हलतात का, दमा आहे का, कसली गोळी चालत नाही का. बाबा खाटेवर बसून उत्तरं देत होते, आई मध्येच दुरुस्त्या करत होती. खोलीत यंत्राने गारवा सोडला होता आणि भिंगरी खिडकीच्या कट्ट्याला टेकून उभी होती.

“घरात कुणाला भूल दिल्यावर त्रास झाला होता कधी?”

“नाही,” काका म्हणाला. “तसं काही नाही.”

इतक्या चटकन म्हणाला की विचारही करावा लागला नाही त्याला. त्यात खोटेपणा नव्हता, हेच भिंगरीला जास्त भयंकर वाटलं. या घरात ते वाक्य इतकी वर्षं इतक्यांदा बोललं गेलं होतं की ते खरं झालं होतं.

आत्या पुढे सरसावली. ठरल्याप्रमाणे तिने सुरीचं सुरू केलं. घराला सुरी लाभत नाही, वडील असेच गेले, हे ऑपरेशन थांबवा. बोलता बोलता तिचा आवाज फाटला, आणि एरवी जे शहाणपणाचं निघालं असतं तेही शकुनात बुडून गेलं. डॉक्टर मान हलवत राहिल्या, रुग्णाच्या नातेवाइकांच्या काळजीला हलवतात तशी, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. काकाने हळूच आत्याचा दंड धरून तिला मागे घेतलं.

आता गप्प बसलं तर बाबा उद्या सकाळी त्या दारातून आत जातील. भिंगरी कट्ट्यापासून पुढे आली.

“आजोबा भुलेतून उठलेच नाहीत,” ती म्हणाली. “आणि आत्याला बाळंतपणात श्वास घेता येत नव्हता. यंत्रावर ठेवलं होतं.”

“भिंगरे, गप,” काका म्हणाला. आजवर त्याने तिला त्या सुरात कधी हाक मारली नव्हती.

डॉक्टरांची मान हलायची थांबली. आजोबांना नेमकं काय झालं होतं, त्यांनी विचारलं. काकाने हृदयाचं सांगितलं. शिकलेला माणूस, औषधांतला माणूस, व्यवस्थित शब्दांत सांगितलं. पोर घाबरलीय, रात्रभर झोपली नाही, तुम्ही मनावर घेऊ नका, असंही वर जोडलं. भिंगरीने हातांचं सांगितलं. कात्री, इस्त्री, गारठा, खोड, सगळं एकात एक घुसलं, आणि तिला स्वतःलाच ऐकू येत होतं की ते आत्याच्या सुरीइतकंच खुळचट वाटतंय. डॉक्टरांनी तरीही बाबांपुढे आपली दोन बोटं धरली.

“घट्ट आवळा. आता सोडा.”

बाबांनी आवळली, आणि सोडली. हात फुलासारखा उघडला.

बाबांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. परक्या बाईचा हात त्यांनी सभ्यपणे सोडला होता. काकाने श्वास सोडला. आईने भिंगरीकडे अशी नजर टाकली की एरवी ती आठवडाभर पुरली असती.

भिंगरी दाराबाहेर पडली. आत्याने तिचा बेत ओळखला. तिने “अगं नको” म्हटलं, पण तोवर उशीर झाला होता. बाहेर पिण्याच्या पाण्याचं यंत्र होतं. तिने गार पाण्याची तोटी उघडली आणि उजवा हात खाली धरला. पाणी बोचायला लागलं, मग दुखायला लागलं, मग काही कळेनासं झालं. तिला वाटत होतं पळून जावं. ती चांगली पळायची. जिना समोर होता.

ती आत आली. हातावरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. बाबांच्या खाटेसमोर उभी राहून तिने मूठ आवळली, जितकी आवळता येईल तितकी.

“आता सोडते,” ती म्हणाली.

मूठ तशीच राहिली. तिने बोटं उघडायचा जोर लावला आणि सगळ्यांना दिसलं की ती जोर लावतेय: मनगटाच्या शिरा ताणल्या, कोपर थरथरलं, आणि बोटं तळव्यात रुतलेलीच.  शेवटी करंगळी सुटली. मग तिच्या शेजारची. अंगठा सगळ्यांत शेवटी, नाइलाजाने.

डॉक्टरांनी खिशातून गुडघ्यावर ठोकतात ती रबरी हातोडी काढली. भिंगरीचा तळहात वर करून त्यांनी अंगठ्याच्या बुंध्याशी हलकेच टोला दिला. अंगठा आत वळला आणि वळलेलाच राहिला, जसा काही त्याला कुणी आतून धरून ठेवलं होतं. मग त्यांनी खाटेवर बाबांचा हात घेतला आणि तिथेच टोला दिला. उबवलेला, शहाणा, सभ्य हात. त्याचाही अंगठा वळला आणि परत यायला विसरला.

डॉक्टरांचं बोलणं पहिल्यांदाच सावकाश झालं. स्नायूंचा एक आजार असतो, त्या म्हणाल्या, फारसा आढळत नाही, रक्तातून एका पिढीकडून दुसरीकडे येतो. आवळलेला स्नायू लवकर सैल होत नाही. पापण्या, चेहरा, डोळ्यांतला मोतीबिंदू, हृदयाचे ठोके, सगळ्यांवर त्याचा हात फिरतो. खात्री रक्त तपासल्यावरच होईल. पण अशा माणसाला नेहमीसारखी भूल दिली तर श्वास परत येणं कठीण होऊन बसतं, आणि आधी माहीत असेल तर औषधं बदलता येतात, नंतर नजर ठेवता येते. उद्याचं ऑपरेशन होणार नव्हतं. आधी हृदय तपासायचं, मग मोठ्या दवाखान्यात, तयारीनिशी.

आई भिंतीला टेकून खाली बसली. आत्या रडत होती, आवाज न करता. बाबांनी ऑपरेशनचं काहीच विचारलं नाही. ते भिंगरीच्या हाताकडे बघत होते.

“कात्री तर मी तुला कधीच दिली नाही,” ते म्हणाले.

भिंगरीने ओला हात पाठीमागे घेतला. 

“हिचं काय होईल?” बाबांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, सगळ्यांचं सारखं होत नाही. काहींचं आयुष्य हातांच्या पलीकडे फारसं अडत नाही, काहींचं अडतं. कधी कधी पुढच्या पिढीत तो आधीच्यापेक्षा लवकर दिसू लागतो. हे बोलून त्या थांबल्या, आणि अजून काहीतरी सांगायचं ठेवून दिल्यासारख्या वाटल्या. मग त्यांनी विचारलं की सख्ख्या भावंडांत अजून कुणाचे हात असे आहेत का.

आत्याने हात पुढे केला. न उघडलेला, न लपवलेला, तसाच.

सगळ्यांनी काकाकडे पाहिलं. तो जागेवर नव्हता.

*

भिंगरीला तो जिन्याच्या वळणावर सापडला. तिथे खिडकी होती आणि खाली गाड्या लावलेल्या दिसत होत्या. काका पायरीवर बसला होता, हात कोटाच्या खिशात. ती त्याच्याशेजारी बसली. रागवायचं तिने ठरवलं होतं, तशी तयारीही केली होती, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर ती सगळी तयारी वाया गेली.

 तो म्हणाला की त्याने खोटं सांगितलं नव्हतं. तिने मान हलवली. त्याला वाटायचं की तो कात्रीपासून लांब राहिला म्हणजे सुटला. औषधांच्या दुकानात कुठे जोरात मूठ आवळावी लागते? गोळ्यांची पाकिटं, बाटल्या, सगळं हलक्या हाताचं. आणि हात खिशात उबेत. काकूला सातवा महिना लागला होता. आज ती यायचं म्हणत होती आणि त्यानेच तिला घरी थांबवलं होतं, प्रवास नको म्हणून.

“पुढच्या पिढीत लवकर, असं म्हणाल्या ना त्या?”

“कधी कधी, म्हणाल्या,” भिंगरी म्हणाली. “आणि तुझ्यात असलं तर. नसेलही.”

“तू किती वेळ धरला होतास हात पाण्याखाली?”

तिने पटकन त्याच्याकडे पाहिलं. तो विनोद करत नव्हता.

“बधिर होईपर्यंत.”

काका उठला. यंत्रापर्यंतची वाट दोघं बोलल्याविना चालली. त्याने तोटी उघडली आणि खिशातून उजवा हात काढला. नेहमी पांढऱ्या कोटात असणारा तो हात भिंगरीने इतक्या जवळून कधी न्याहाळलाच नव्हता. पाणी त्याच्या बोटांवरून वाहत राहिलं. शेजारून एक परिचारिका ट्रे घेऊन गेली, तिने पाहिलं आणि काही विचारलं नाही.

“इथेच थांब,” तो म्हणाला.

“थांबलेय.”

त्याने तोटी बंद केली आणि मूठ आवळली. ओला हात छातीशी धरून तो तसाच उभा राहिला. खोलीच्या दारात आई येऊन उभी राहिली होती, तिच्यामागे आत्या. कुणीच पुढे आलं नाही.

मूठ मिटलेली होती. ती उघडत नव्हती की काका ती उघडत नव्हता, हे भिंगरीला काही केल्या कळेना. त्याचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

तिने त्याच्या मुठीला हात लावला नाही.

“तुला वाटेल तेव्हा उघड,” ती म्हणाली. “मला कुठे पळायचं नाहीये.”